मात्रेचा आकडा आणि मात्रेचे स्थान

१. प्रश्नाचे स्वरूप

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर भूशास्त्राच्या अभ्यासकांना जितके परिचित आहे, तितके ते वैद्यकीय भौतिकीच्या अभ्यासकांना असण्याचे कारण नाही. तथापि या दोन शाखांचा ज्या एका मापनपद्धतीत संगम होतो, त्या पद्धतीचा विचार करताना लोणारचे उदाहरण फार उद्बोधक ठरते. प्रस्तुत लेखाचा विषय आहे कर्करोगावरील समीप-प्रारणोपचारात, म्हणजे ज्याला आज सर्वत्र ब्रॅकीथेरपी म्हटले जाते त्या उपचारात, शेजारच्या निरोगी अवयवांना मिळणाऱ्या मात्रेचे मापन आणि त्या मापनाचा इतिहास. उदाहरणादाखल अष्ठीला ग्रंथीचा कर्करोग घेतला आहे. या ग्रंथीला रुग्ण आणि वैद्य दोघेही व्यवहारात प्रोस्टेट असेच म्हणतात. लोणारपासून आरंभ करण्याचे प्रयोजन एवढेच, की या इतिहासातून जो मुद्दा निष्पन्न होतो, तो तेथे अत्यंत स्पष्ट स्वरूपात दिसतो.

लोणारचे विवर दख्खनच्या काळ्या पाषाणात पडलेले असून त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे मुख मानले जात होते. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम यांनी तेथील खडकांत तीव्र आघाताच्या खुणा दाखवून दिल्या आणि ते अशनिपाताने झाले असल्याचे मत दृढ झाले. मात्र आघात केव्हा झाला, हा प्रश्न शिल्लक राहिला. १९९७ मध्ये सेनगुप्ता, भंडारी व वातानाबे यांनी आघाताच्या उष्णतेने वितळून काच झालेल्या द्रव्याची तापदीप्ती मोजून विवराचे वय ५२ हजार वर्षे, अधिक-उणे ६ हजार, असे काढले. २०११ मध्ये जूर्दां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्गॉनच्या समस्थानिकांवर आधारलेल्या पद्धतीने तेच वय ५ लाख ७० हजार वर्षे, अधिक-उणे ४७ हजार, असे सांगितले. दुसरा आकडा पहिल्याच्या सुमारे अकरापट आहे. त्यानंतरही अन्य पद्धतींनी पुन्हा काही दशसहस्र वर्षांकडे झुकणारी मापने पुढे आली असून हा वाद पूर्णपणे मिटला आहे असे म्हणता येत नाही.

या ठिकाणी कोणाचा पक्ष खरा, याचा निवाडा करावयाचा नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. दोन्ही आकड्यांपुढे अधिक-उणे चिन्हाने दाखविलेली मर्यादा आहे आणि दोन्ही मर्यादा एकमेकींच्या जवळपासही येत नाहीत. याचा अर्थ असा, की त्या मर्यादेत वाचनातील अनिश्चितता सामावलेली असली, तरी वाचनामागील गृहीतांची अनिश्चितता तीत सामावलेली नाही. मोजलेली राशी कशाची, ती कोणत्या स्थळाची आणि ती किती काळात साठलेली, या प्रश्नांचे उत्तर आकड्याच्या बाहेरच शोधावे लागते. लोणारच्या बाबतीत या प्रश्नाने एका विवराचे वय बदलते. रुग्णालयात हाच प्रश्न रुग्णाच्या गुदाशयाशी आणि मूत्रमार्गाशी निगडित असतो, आणि तेथे तो अनुत्तरित ठेवून चालत नाही.

२. स्फटिकाची स्मृती

लोणारची काच आणि रुग्णालयातील मात्रामापक यांना जोडणारा गुणधर्म म्हणजे तापदीप्ती. काही स्फटिक किंवा काचसदृश पदार्थ प्रारणाच्या मार्गात ठेवले असता त्यांतील काही इलेक्ट्रॉन आपल्या नित्याच्या स्थानावरून सुटतात आणि स्फटिकरचनेतील दोषांच्या ठिकाणी अडकून पडतात. सापळ्यात सापडल्याप्रमाणे ते तेथे दिवस, वर्षे, क्वचित युगेही राहू शकतात. पदार्थ तापविला की हे इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि मूळ स्थितीकडे परतताना प्रकाश देतात. प्रकाश किती, यावरून अडकलेले इलेक्ट्रॉन किती आणि पर्यायाने पदार्थाने शोषलेली प्रारणमात्रा किती, याचे अनुमान करता येते. एकदा तापविले की सापळे रिकामे होतात आणि मोजणी नव्याने सुरू होते.

या प्रकाशाचे निरीक्षण जुने आहे. १६६३ मध्ये रॉबर्ट बॉइल याने अंधारात उष्णता दिलेल्या हिऱ्यातून निघणाऱ्या प्रकाशाचे वर्णन केले होते. मात्र त्याचा मात्रामापनासाठी पद्धतशीर उपयोग १९५० नंतरच्या दशकातला आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील फॅरिंग्टन डॅनिएल्स यांनी लिथियम फ्लोराइडच्या स्फटिकांचा या दृष्टीने अभ्यास केला. १९५३ च्या सुमारास ओक रिज येथे किरणोत्सारी समस्थानिकांनी उपचार होत असलेल्या कर्करोगाच्या रुग्णांना हे स्फटिक गिळावयास देण्यात आले आणि शरीरातून बाहेर पडल्यावर तापवून त्यांची दीप्ती मोजण्यात आली. शरीराच्या आत प्रत्यक्ष मात्रा मोजण्याचा हा एक आद्य प्रयत्न होय. पुढील दशकात त्याच विद्यापीठातील जॉन कॅमेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून लिथियम फ्लोराइड हे नित्याच्या वापरातील साधन झाले. डॅनिएल्स यांनीच खडक व मृत्पात्रे यांच्या वयनिर्णयासाठी या गुणधर्माची उपयुक्तता सुचविली होती. म्हणजे लोणारच्या वयाचे मापन आणि गुदाशयातील मात्रेचे मापन ही दोन्ही एकाच कल्पनेची अपत्ये आहेत.

दोन्हींतील तर्कही एकच आहे. लोणारच्या बाबतीत आघाताच्या उष्णतेने जुनी साठवण पुसली गेली. त्यानंतर भोवतालच्या पोटॅशियम, युरेनियम व थोरियमपासून आणि विश्वकिरणांपासून दरवर्षी अल्पशी मात्रा मिळत राहिली. साठलेल्या एकूण मात्रेला वार्षिक मात्रेने भागले की वय मिळते. या भागाकारात दोन गृहीते अध्याहृत आहेत. एक, सापळे पूर्ण भरून गेलेले नाहीत. दोन, वाटेत त्यांतील काही इलेक्ट्रॉन आपोआप गळून गेलेले नाहीत. यांपैकी एकही गृहीत ढळले, तर मिळणारे वय ही केवळ खालची मर्यादा ठरते. तापदीप्ती अचूक मोजली म्हणून वय अचूक ठरत नाही.

रुग्णालयात कालमर्यादा लहान असल्याने सापळे भरून जाण्याची किंवा गळतीची भीती तुलनेने कमी असते. परंतु तेथे दुसरी गृहीते येतात. लिथियम फ्लोराइडचा प्रतिसाद सर्व ऊर्जांना सारखा नसतो. कोबाल्ट-६० च्या किरणांनी त्याचे प्रमाणीकरण करून ते आयोडीन-१२५ च्या मंद किरणांसाठी वापरले, तर तेवढ्याच मात्रेला ते सुमारे ४० टक्के अधिक प्रकाश देते. ही दुरुस्ती विसरली गेली, तर यंत्र निर्दोष असूनही आकडा चुकीचा येईल.

३. मिलिग्रॅम-तासांचा काळ

आता अष्ठीला ग्रंथीकडे वळू. ही ग्रंथी मूत्राशयाच्या तळाशी असून मूत्रमार्ग तिच्या मधून जातो आणि गुदाशयाची पुढची भिंत तिच्या पाठीमागे अवघ्या काही मिलिमीटरवर असते. शरीरात इतक्या दाटीने वसलेली उपचारस्थाने फार थोडी. ग्रंथीत द्यावयाची मात्रा आणि शेजाऱ्यांना चुकवावयाची मात्रा यांच्यातील अंतर एखाद्या तांदळाच्या दाण्याच्या लांबीहून फारसे अधिक नसते.

१८९८ मध्ये रेडियमचा शोध लागला आणि दहा-बारा वर्षांतच पॅरिस येथे मूत्रमार्गातून नळीवाटे रेडियम आत नेऊन या ग्रंथीवर उपचार करण्याचे प्रयत्न झाले. पास्तो आणि देग्रे यांची नावे या संदर्भात घेतली जातात. अमेरिकेत न्यूयॉर्क येथे बेंजामिन बॅरिंजर यांनी १९१५ पासून, गुदाशयात बोट ठेवून त्याच्या मार्गदर्शनाने, वृषणकोशामागील त्वचेतून रेडियमच्या सुया ग्रंथीत घालण्यास आरंभ केला. बाल्टिमोर येथे ह्यू हॅम्प्टन यंग यांनी मूत्रमार्ग, मूत्राशय व गुदाशय या तिन्ही वाटांनी रेडियम ग्रंथीच्या समीप नेले आणि एकाच ठिकाणच्या श्लेष्मल पटलावर फार भार पडू नये म्हणून त्याचे स्थान बदलत ठेवले. शेजारच्या अवयवाला किती मिळते, याची चिंता या उपचारांच्या जन्मापासूनच होती, हे यावरून स्पष्ट होते. नव्हते ते ही चिंता आकड्यात मांडण्याचे साधन.

त्या काळी मात्रेचे माप मिलिग्रॅम-तास हे होते. किती मिलिग्रॅम रेडियम किती तास ठेवले, त्यांचा गुणाकार म्हणजे दिलेला उपचार. हे माप मूलतः उगमाचे आहे, ऊतीचे नाही. ५० मिलिग्रॅम रेडियम १० तास ठेवले, तर गुणाकार ५०० येतो. मग ते गुदाशयापासून ५ मिलिमीटरवर असो वा २० मिलिमीटरवर असो. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात प्रारण कमी होते हे लक्षात घेता, बिंदुवत् उगमासाठी या दोन स्थितींत सोळापटीचा फरक पडतो. तो फरक या मापात कोठेही उमटत नाही. त्वचेला येणाऱ्या लालीवरून मात्रा ठरविण्याची पद्धतही प्रचलित होती. परंतु गुदाशयाची लाली डोळ्यांना दिसण्यापूर्वीच इजा होऊन गेलेली असे.

ही उणीव भरून काढण्याचे काम हळूहळू झाले. १९२१ मध्ये स्वीडनचे रॉल्फ सीव्हर्ट यांनी रेषाकार उगमाभोवतालची तीव्रता काढण्याचे गणित दिले. १९२८ मध्ये स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत राँटगेन हे एकक स्वीकारले गेले. १९३४ मध्ये मँचेस्टरचे राल्स्टन पॅटर्सन आणि हर्बर्ट पार्कर यांनी उगम कसे मांडावेत आणि त्यांपासून किती मात्रा मिळते, याची कोष्टके प्रसिद्ध केली. १९५३ मध्ये शोषित मात्रेचे रॅड हे एकक आले आणि १९७५ मध्ये त्याची जागा ग्रे या एककाने घेतली. एककांच्या या क्रमाकडे पाहिले असता असे दिसते, की मोजणाऱ्याची दृष्टी उगमाकडून हवेकडे आणि हवेकडून ऊतीकडे सरकत गेली. अवयवापर्यंत पोहोचावयाचे मात्र अद्याप बाकी होते.

महाराष्ट्रात या विद्येचा पाया मुंबईत घातला गेला. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील भौतिकीचे काम डॉ. रमय्या नायडू यांनी उभे केले. त्यांचे शिक्षण पॅरिसमध्ये मारी क्यूरी यांच्या प्रयोगशाळेत झाले होते. रेडियमपासून निघणारा रॅडॉन वायू गोळा करून तो सूक्ष्म नळ्यांत बंद करण्याची व्यवस्था त्यांनी तेथे केली. रॅडॉनचे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे असल्याने अशा नळ्या शरीरात कायमच्या ठेवता येत. वैद्यकाच्या संस्थेत भौतिकशास्त्रज्ञाला स्थान असले पाहिजे, ही कल्पना आपल्याकडे रुजविण्याचे श्रेय या पिढीला द्यावयास हवे. १९५४ मध्ये तुर्भे येथे अणुशक्ती संस्था स्थापन झाली. १९६७ पासून ती भाभा अणुसंशोधन केंद्र या नावाने ओळखली जाते. १९६२ पासून तेथे प्रारण-भौतिकीचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला आणि देशातील अनेक रुग्णालयांना भौतिकशास्त्रज्ञ मिळू लागले. प्रारणात काम करणाऱ्यांच्या छातीवरील बिल्ल्यात पूर्वी छायाचित्रणाची फिल्म असे. १९७५ पासून तेथेच विकसित झालेल्या, डिस्प्रोशियमयुक्त कॅल्शियम सल्फेटच्या तापदीप्त चकत्या वापरात आल्या. म्हणजे तापदीप्ती ही आपल्याकडे केवळ ग्रंथांतून आलेली विद्या नसून ती येथील कार्यशाळांत घडलेली आहे.

४. आयोडीन-१२५ आणि बदललेले आकडे

रेडियमचे किरण फार भेदक असतात. ग्रंथीत ठेवलेल्या रेडियमपासून गुदाशय वाचविणे कठीण होते आणि परिचारिकाही त्या किरणांच्या कक्षेत येत. १९५० नंतर आयोवा येथील रुबिन फ्लॉक्स यांनी किरणोत्सारी सोन्याचे कलिल द्रावण ग्रंथीत टोचण्याचा मार्ग अवलंबिला. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कचे विलेट व्हिटमोर यांनी आयोडीन-१२५ ची सूक्ष्म बीजे कायमची रोवण्यास आरंभ केला. या समस्थानिकाचे अर्धायुष्य सुमारे ५९.४ दिवस असून त्याच्या किरणांची सरासरी ऊर्जा सुमारे २८ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे रेडियमच्या किरणांच्या मानाने फारच अल्प आहे. ऊतीत ती लवकर शोषली जाते आणि शेजारचे अवयव काही प्रमाणात आपोआप वाचतात. तथापि पोट उघडून, बोटाच्या अंदाजाने रोवलेली बीजे एकसारखी पसरत नसत. १९८३ मध्ये डेन्मार्कचे हान्स हेन्रिक होल्म यांनी गुदाशयातून घेतलेल्या श्राव्यातीत ध्वनीच्या प्रतिमेवर पाहत सुया घालण्याची रीत मांडली, तेव्हा बीजांचे स्थान प्रथमच डोळ्यांसमोर आले.

येथून पुढे या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण सुरू होते. अनेक वर्षे आयोडीन-१२५ च्या रोपणासाठी १६० ग्रे ही मात्रा विहित मानली जात होती. रुग्ण बरे होत होते वा नव्हते, त्यांना गुदाशयाचे त्रास होत होते वा नव्हते, या सर्व अनुभवाची नोंद या आकड्याशी बांधलेली होती. परंतु बीजाभोवतालची मात्रा मुख्यतः गणिताने काढलेली होती. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील तीन संशोधनगटांनी ऊतीसदृश घन पदार्थात लिथियम फ्लोराइडच्या चकत्या बसवून ती प्रत्यक्ष मोजली. मोजलेली मात्रा गणितातील मात्रेहून कमी निघाली. या मापनांच्या आधारे १९९५ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या ४३ क्रमांकाच्या कार्यगटाने, रविंदर नाथ यांच्या अध्यक्षतेखाली, मात्रागणनेची नवी रीत प्रसिद्ध केली. तिच्यानुसार पूर्वी ज्याला १६० ग्रे म्हटले जात होते, ते वस्तुतः सुमारे १४४ ग्रे होते. विहित आकडा त्याप्रमाणे बदलून १४५ ग्रे करण्यात आला.

या बदलाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ऊतीला पूर्वी जे मिळत होते तेच पुढेही मिळावे म्हणून आकडा बदलला. नवी कोष्टके स्वीकारून जुना १६० हाच आकडा तसाच ठेवला असता, ग्रंथीला आणि तिच्याबरोबर गुदाशयाला व मूत्रमार्गालाही सुमारे ११ टक्के अधिक मात्रा मिळाली असती, आणि नोंदवहीत कोठेही काही वावगे दिसले नसते. म्हणजे आकड्यात सातत्य राखल्याने उपचार बदलला असता आणि उपचारात सातत्य राखण्यासाठी आकडा बदलावा लागला.

चार वर्षांनी तसाच दुसरा प्रसंग आला. बीजाची तीव्रता हवेत मोजून ठरविण्याचे अमेरिकेतील राष्ट्रीय मानक १९८५ मध्ये प्रस्थापित झाले होते. बीजाचे आवरण टायटॅनियमचे असते. आतील किरणांच्या आघाताने या आवरणातून सुमारे ४.५ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे क्षीण क्ष-किरण निघतात. हवेतील मापकाला ते जाणवतात. ऊतीत मात्र ते एक मिलिमीटरभरही नीट टिकत नाहीत. परिणामी बीजाच्या तीव्रतेच्या आकड्यात असा एक अंश मिसळलेला होता, ज्याचा रुग्णाशी काही संबंध नव्हता. १९९९ मध्ये नवे मानक आले. त्यात हे किरण ॲल्युमिनियमच्या पडद्याने गाळून टाकले आणि तीव्रतेचा आकडा सुमारे १० टक्क्यांनी उतरला. तीव्रतेवरून मात्रा काढण्याचा गुणक त्याच प्रमाणात वर नेण्यात आला आणि रुग्णाची मात्रा होती तीच राहिली. परंतु नवी तीव्रता आणि जुना गुणक यांची गल्लत झाली असती तर काय झाले असते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

हा विषय दूरदेशीचा आहे असे समजू नये. भाभा अणुसंशोधन केंद्रात आयोडीन-१२५ ची बीजे तयार करण्यात आली. नेत्राच्या आणि अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगासाठी त्यांचा उपयोग अभिप्रेत असल्याने त्यांना ऑक्यूप्रोस्टा असे नाव मिळाले. चांदीच्या बारीक तारेवर आयोडीन बसवून ती तार ४.७५ मिलिमीटर लांब आणि ०.८ मिलिमीटर व्यासाच्या टायटॅनियमच्या कुपीत बंद केलेली असते. बाहेरून ही कुपी परदेशी कुपीसारखी दिसली, तरी आतील रचनेत फरक असला की भोवतालच्या मात्रेचे वितरण बदलते. म्हणून प्रत्येक प्रकारच्या बीजासाठी गुणकांचा संच स्वतंत्रपणे निश्चित करावा लागतो. तुर्भे येथील बीजासाठीही संगणकावर कणांचा प्रवास यादृच्छिक रीतीने अनुसरणाऱ्या माँटे कार्लो पद्धतीने अशी गणिते केली गेली. आयात केलेल्या बीजाचे कोष्टक स्वदेशी बीजाला लावणे, हा स्थान विसरून आकडा उचलण्याचाच एक प्रकार होय.

५. बिंदू, घनफळ आणि काल

उगमाभोवतालची मात्रा निश्चित झाली, तरी अवयवाची मात्रा निश्चित होत नाही. अवयव म्हणजे नेमके कोणते स्थळ, हा प्रश्न उरतोच. त्याचे पहिले सर्वमान्य उत्तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या संदर्भात मिळाले. समीप-प्रारणोपचाराचा आपल्याकडील सर्वाधिक उपयोग दीर्घकाळ याच रोगासाठी होत आला आहे. १९८५ मध्ये प्रारण-एककांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने आपल्या ३८ व्या अहवालात मूत्राशयासाठी एक आणि गुदाशयासाठी एक असे संदर्भबिंदू सुचविले. मूत्राशयातील नळीच्या फुग्यात क्ष-किरणांना अपारदर्शक असा ७ घन सेंटिमीटर द्रव भरावयाचा आणि फुग्याच्या मागील पृष्ठावरचा बिंदू घ्यावयाचा. गुदाशयासाठी योनीच्या मागील भिंतीच्या ५ मिलिमीटर मागे असलेला बिंदू घ्यावयाचा. साध्या क्ष-किरण छायाचित्रावर हे बिंदू शोधता येत, हा त्यांचा मोठा गुण होता. सर्व रुग्णालयांना एक समान भाषा मिळाली. परंतु तो बिंदू अवयवाच्या सर्वाधिक मात्रेचा बिंदू असेलच, याची शाश्वती नव्हती.

संगणकीय छेदप्रतिमा उपलब्ध झाल्यावर बिंदूची जागा घनफळाने घेतली. आज गुदाशयाच्या ज्या २ घन सेंटिमीटर भागाला सर्वाधिक मात्रा मिळते, त्या भागातील किमान मात्रा नोंदविण्याची प्रथा आहे. आयोडीन-१२५ च्या रोपणासाठी २००७ मध्ये युरोपीय तज्ज्ञांनी केलेल्या शिफारशींत ही मात्रा विहित १४५ ग्रेपेक्षा अधिक नसावी आणि ०.१ घन सेंटिमीटरसाठी ती २०० ग्रेच्या आत असावी, असे म्हटले आहे. मूत्रमार्ग तर ग्रंथीच्या मधूनच जात असल्याने तो पूर्णपणे वाचविता येत नाही. त्याच्या सर्वाधिक मात्रा मिळणाऱ्या १० टक्के भागाची मात्रा विहित मात्रेच्या दीडपटीच्या आत ठेवावी, असा संकेत आहे.

हे आकडे गणिताने येतात. ते प्रत्यक्षाशी पडताळून पाहण्यासाठी तापदीप्तीचे स्फटिक पुन्हा उपयोगी पडतात. इरिडियम-१९२ चा तीव्र उगम पोकळ सुयांतून काही मिनिटे फिरवून काढून घेण्याच्या उपचारात, गुदाशयात किंवा मूत्रमार्गातील नळीत लिथियम फ्लोराइडच्या बारीक कांड्या ठेवून मात्रा मोजता येते. मात्र येथे एका साध्या हिशेबाची आठवण ठेवावी. उगमापासून १० मिलिमीटरवर असावयाची कांडी उपचाराच्या वेळी २ मिलिमीटर सरकून १२ मिलिमीटरवर गेली, तर एकट्या बिंदुवत् उगमासाठी तिची मात्रा १०० वरून सुमारे ७० वर येते. अनेक उगमांच्या मांडणीत हा उतार काहीसा सौम्य होतो, परंतु नाहीसा होत नाही. शिवाय कांडीला स्वतःची लांबी असते, आणि जेथे मात्रा झपाट्याने बदलते तेथे ती एका बिंदूची मात्रा न दाखविता आपल्या लांबीवरची सरासरी दाखविते. म्हणून गणित आणि मापन यांत तफावत दिसली, की प्रथम विचारावयाचे ते हे, की दोन्ही आकडे एकाच स्थळाचे आहेत काय. गणित चुकले की स्फटिक चुकला, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

स्थळाप्रमाणेच कालही विचारात घ्यावा लागतो. बीजे रोवल्यावर ग्रंथीला सूज येते आणि पुढील दिवसांत वा आठवड्यांत ती ओसरते. सूज असताना घेतलेल्या प्रतिमेत बीजे परस्परांपासून दूर दिसतात. महिन्याभराने घेतलेल्या प्रतिमेत ती जवळ आलेली असतात आणि गुदाशयाशी असलेला त्यांचा संबंधही बदललेला असतो. आयोडीनची मात्रा काही महिन्यांत पडत असल्याने कोणत्याही एका दिवसाची प्रतिमा संपूर्ण कथा सांगत नाही. साधारणतः एक महिन्यानंतरची प्रतिमा प्रमाण मानण्याचा संकेत रूढ झाला, तो याच कारणाने. लोणारच्या काचेच्या बाबतीत वार्षिक मात्रा सर्व काळ एकसारखी राहिली असे मानावे लागते. येथेही ग्रंथीची रचना प्रतिमेच्या दिवशी होती तशीच सर्व काळ राहिली, असे आपण मानतो. दोन्ही गृहीते उपयुक्त आहेत, पण ती गृहीतेच आहेत याचे भान सुटता कामा नये.

६. उपसंहार

या इतिहासाचा सारांश असा काढता येईल, की मापनसाधनांची सूक्ष्मता वाढत गेली, पण प्रत्येक टप्प्यावर खरी प्रगती ‘हा आकडा कशाचा’ या प्रश्नाचे उत्तर बदलल्याने झाली. मिलिग्रॅम-तास हे उगमाचे माप होते, राँटगेन हे हवेचे, रॅड आणि ग्रे हे ऊतीचे. संदर्भबिंदू हे छायाचित्रावरील स्थळाचे आणि २ घन सेंटिमीटर हे अवयवाच्या एका भागाचे. यांपैकी कोणतेही माप खोटे नव्हते. प्रत्येकाने आपल्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले. घोटाळा झाला तो एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावल्याने.

वर सांगितलेल्या सहनमर्यादा आकाशातून उतरलेल्या नाहीत. ज्या रुग्णांना पुढे रक्तस्राव झाला, ज्यांना लघवीचा अवरोध झाला, आणि ज्यांना काहीच झाले नाही, त्या सर्वांच्या नोंदींतून त्या निघाल्या आहेत. उद्याच्या मर्यादा आज लिहिल्या जाणाऱ्या नोंदींतून निघतील. मलकापूर किंवा शेगाव येथे गाडीत बसून उपचारासाठी मोठ्या शहरात गेलेला रुग्ण पाच वर्षांनी त्रास घेऊन एखाद्या वेगळ्याच रुग्णालयात येतो, तेव्हा त्याच्या कागदावर केवळ ‘गुदाशय, १३० ग्रे’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्यावरून तेथील भौतिकशास्त्रज्ञाला फारसे काही समजणार नाही. तो आकडा बिंदूचा की घनफळाचा, असल्यास किती घनफळाचा. तो गणिताचा की मापनाचा. प्रतिमा रोपणानंतर कितव्या दिवशीची. बीज कोणत्या बनावटीचे आणि तीव्रता कोणत्या मानकानुसार. स्फटिक वापरला असल्यास त्याचे प्रमाणीकरण कोणत्या ऊर्जेने झाले, या गोष्टी आकड्याच्या बरोबर लिहिलेल्या असणे आवश्यक आहे. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. नोंदपत्रकात चार-पाच रकाने अधिक लागतात.

आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थी तापदीप्तीचा प्रयोग करताना आलेखावरील शिखराची उंची आणि त्याखालील क्षेत्रफळ काळजीपूर्वक काढतात, ही समाधानाची गोष्ट आहे. त्याच प्रयोगवहीत स्फटिक कोठे ठेवला होता, किती काळ ठेवला होता आणि त्या उत्तरामागे कोणती गृहीते धरली आहेत, हेही तितक्याच काळजीने लिहिण्याची सवय त्यांना लागावी. लोणारच्या वयासंबंधीचा वाद पुढील संशोधनाने मिटेल आणि तोवर सरोवर आहे तेथेच राहील. रुग्णाच्या बाबतीत मात्र एकदा दिलेली मात्रा परत घेता येत नाही, म्हणून तिची नोंद तरी पूर्ण असली पाहिजे.